वॉर्डात पाय ठेवण्याआधी: डोसचा हिशेब पक्का करताना

एसएसएलसी (दहावी) मराठी माध्यमातून, पीयूसी (अकरावी-बारावी) इंग्रजीतून आणि आता नर्सिंगचं पहिलं वर्ष. खानापूर, निपाणी, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतून बेळगावात शिकायला येणाऱ्या बऱ्याच मुलामुलींची वाट हीच. पहिल्या पोस्टिंगच्या आदल्या आठवड्यात ती हमखास विचारतात, "सिस्टर, डोस काढायचं गणित कसं जमायचं?" मी त्यांची वही मागून घेते. गुणाकार बरोबर असतो, भागाकारही बरोबर असतो. चूक सापडते त्याच्या वरच्या ओळीत. मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम झालेलं असतं, नाहीतर बाटलीवरचा '५ मिलीत' हा शब्द नजरेतून सुटलेला असतो.

म्हणून या लेखात सूत्र जरा उशिरा येईल. आधी वाचायचं, मग एकक जुळवायचं, मग अंदाज बांधायचा, त्यानंतर आकडेमोड. एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते: इथले डोस हिशेब शिकण्यासाठी घेतले आहेत. पेशंटला काय आणि किती द्यायचं, ते डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरवर आणि तुमच्या वॉर्डाच्या प्रोटोकॉलवर ठरतं.

पायरी पहिली: आकडा नीट वाचा, नीट लिहा

आपण शाळेत देवनागरी आकडे गिरवले. घाईत लिहिलेला देवनागरी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि ४ तर जवळजवळ इंग्रजी आठच. शेजारच्या ड्युटीला केरळची सिस्टर असते, रात्रपाळीला कन्नड बोलणारा ब्रदर असतो. त्यांनी तुमचा ४ आठ म्हणून वाचला तर त्यांना बोल लावता येणार नाही. चार्ट, लेबल, सिरिंजवरची चिकटपट्टी या सगळ्यांवर इंग्रजी आकडेच लिहा. (मी इथे देवनागरी वापरतेय, पण हा लेख आहे, ड्रग चार्ट नाही.) घरी न्यायच्या चिठ्ठीचं उलट: तिथे पेशंटला जे वाचता येतं ते लिहायचं.

ऐकण्याचीही तीच गत. कन्नडमध्ये वीस म्हणजे 'इप्पत्तु' आणि सत्तर म्हणजे 'एप्पत्तु'. राऊंडच्या गडबडीत हे दोन शब्द एकदा ऐकून बघा. इंग्रजीत फिफ्टीन आणि फिफ्टी असाच घोळ घालतात. मराठीत पाव आणि पाऊण आहेतच, आणि त्यात तर तिपटीचा फरक. कन्नडमधला पाव म्हणजे 'कालु', आणि कालु म्हणजे पायसुद्धा. आमच्या बॅचमधल्या एकीने 'कालु मात्रे' म्हणजे पायदुखीची गोळी असं समजून आख्खा ट्रे धुंडाळला होता. अर्धी, पाव असले शब्द न वापरता मिलिग्रॅममध्येच बोलायची सवय लावून घ्या.

तोंडी ऑर्डर फक्त इमर्जन्सीत घ्यायची. घेतलीच तर आकडा सुटा सुटा परत म्हणून दाखवायचा: "दोन शून्य, वीस युनिट, बरोबर?" समोरून 'हो' आलं की लगेच लिहायचं आणि नंतर सही घ्यायची. नव्या मुलींना परत विचारायची लाज वाटते. डॉक्टर चिडतील, चिडू देत.

लिहिताना तीन गोष्टींत कुचराई नको. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना टिंबाआधी शून्य हवंच: ०.५. नुसतं .५ लिहिलं आणि टिंब फिकट उमटलं, तर ५ उरतात आणि डोस दहापट होतो. पूर्ण आकड्यानंतर मात्र टिंब-शून्य नको, कारण १.० चे १० होतात. आणि इन्सुलिन, हिपॅरिनपुढे 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायचा. नुसतं इंग्रजी यू अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं आणि ६ युनिटचे ६० होऊन बसतात.

पायरी दुसरी: एकक जुळवा

ग्रॅम, मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम. दर पायरीला हजार, एवढंच पाठ करायचं आहे. मोठ्याकडून छोट्याकडे जाताना हजाराने गुणा, छोट्याकडून मोठ्याकडे येताना हजाराने भागा. १ लिटर म्हणजे १,००० मिली.

थायरॉइडची गोळी ०.०५ मिग्रॅ लिहिलेली असते आणि डबीवर ५० मायक्रोग्रॅम छापलेलं असतं. दोन्ही एकच. डिगॉक्सिन ०.२५ मिग्रॅ म्हणजे २५० मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅमसाठीचं ग्रीक अक्षर हाताने लिहू नका. ते इंग्रजी एमसारखं दिसलं की हजारपटीची चूक होते, आणि पुढचं गणित कितीही बरोबर केलं तरी ती सुधारत नाही.

घरच्या मापांचं थोडक्यात: चहाचा चमचा ५ मिली आणि मोठा चमचा १५ मिली असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आपल्या मांडणीवरच्या चमच्यांनी ते पुस्तक वाचलेलं नाही. बाटलीसोबतचं मापाचं झाकण नाहीतर सुई नसलेली सिरिंज, यानेच मोजायला सांगा.

पायरी तिसरी: अंदाज, मग सूत्र

सूत्र एकच:

हवा असलेला डोस ÷ हातातला डोस × तो ज्यात आहे ते मिली

जेन्टामायसिनची ऑर्डर ६० मिग्रॅ, अँप्युलवर ८० मिग्रॅ २ मिलीत. पेन उचलण्याआधी विचार करा. ६० हे ८० पेक्षा कमी, म्हणजे उत्तर २ मिलीच्या आत. ६० हे अर्ध्यापेक्षा, म्हणजे ४० पेक्षा जास्त, म्हणजे उत्तर १ मिलीच्या पुढे. आता मांडा: ६० ÷ ८० × २ = १.५ मिली. अंदाजात बसलं.

कोणी उलटं मांडलं, ८० ÷ ६० × २, तर २.६७ येतं. कॅल्क्युलेटर ते उत्तर बिनदिक्कत दाखवतो. अंदाज आधी बांधलेला असेल तरच हात थांबतो. अर्धा किलो कुंदा घेताना दुकानदाराने किलोचा भाव लावला तर पाकीट उघडण्याआधीच आपल्या लक्षात येतं की नाही? वॉर्डात तीच नजर लागते.

अंदाजाचा आणखी एक ठोकताळा. एका डोससाठी तीनपेक्षा जास्त गोळ्या किंवा अँप्युल फोडाव्या लागत असतील तर थांबा आणि सीनिअरला दाखवा. कधी कधी ऑर्डर खरंच तशी असते, मॅग्नेशियमचं उदाहरण पुढे आहे. पण थांबून विचारण्यात काही जात नाही.

लहान मुलांचं औषध: एक नाव, तीन बाटल्या

मुलांचा डोस वजनावर. पॅरासिटामॉल सर्वसाधारणपणे एका वेळी किलोमागे १० ते १५ मिग्रॅ देतात. १२ किलोचं मूल, ऑर्डर किलोमागे १५, म्हणजे १२ × १५ = १८० मिग्रॅ. इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर येतं.

आता बाटली. ५ मिलीत १२५ मिग्रॅचं सिरप असेल तर १८० ÷ १२५ × ५ = ७.२ मिली. ५ मिलीत २५० मिग्रॅचं असेल तर ३.६ मिली. आणि तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स १ मिलीत १०० मिग्रॅ असतात, त्यात फक्त १.८ मिली. डोस तोच, पण मापं तीन. समजा सिरपचा हिशेब करून ७.२ मिली ड्रॉप्स पाजले, तर ७२० मिग्रॅ पोटात जातील, म्हणजे किलोमागे ६०. दिवसभरात मिळून जेवढं द्यायचं ते एका घोटात. म्हणून आईने "घरात तापाचं औषध दिलंय" म्हटलं की 'किती दिलं' विचारण्याआधी 'बाटली कुठली' ते विचारा, जमलं तर बाटली मागवून घ्या.

आणि वजन स्वतः करा. "अंगणवाडीत केलं होतं, चौदा भरलं होतं," असं आजी सांगते. कधी केलं होतं, ते कळत नाही. मूल आठवडाभर जुलाबाने खंगलेलं असतं आणि आपण चौदाचा हिशेब धरून बसतो.

सलाईनचे थेंब

मोठ्या हॉस्पिटलात इन्फ्युजन पंप असतो. गावाकडच्या आरोग्य केंद्रात सेकंदकाट्याचं घड्याळ आणि तुमचे डोळे.

मिनिटाला थेंब = एकूण मिली × सेटचा ड्रॉप फॅक्टर ÷ एकूण मिनिटं

ड्रॉप फॅक्टर सेटच्या पाकिटावर छापलेला असतो. आपल्याकडे नेहमीच्या मॅक्रो सेटला बहुतेक वेळा २० थेंबांचा १ मिली होतो, पण १५ चेही सेट मिळतात. पाकीट कचऱ्यात टाकण्याआधी वाचा. मायक्रो सेटला ६० थेंबांचा १ मिली.

५०० मिली ६ तासांत, सेट २० चा: ५०० × २० ÷ ३६० = २७.८, म्हणजे मिनिटाला २८ थेंब. तोंडी हिशेबाला सोपी युक्ती आहे: तासाला किती मिली ते काढा आणि २० च्या सेटला ३ ने भागा, १५ च्या सेटला ४ ने. मायक्रो सेटला तर भागायचंही नाही. तासाला जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब. तासाला ३० मिली हवं तर मिनिटाला ३० थेंब. ६० मिनिटं आणि ६० थेंब एकमेकांना उडवतात म्हणून हे जमतं. कारण कळलं की ही युक्ती विसरत नाही.

बाटलीवर तासागणिक खुणांची पट्टी चिकटवा. दोन वाजता पातळी कुठे हवी ते एका नजरेत कळतं. पेशंट कुशीवर वळला, हात दुमडला की थेंब बदलतात, आणि नातेवाईक 'लवकर संपू दे' म्हणून रोलर फिरवतात ते वेगळंच.

इन्सुलिन: टोपीचा रंग बघा

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. बऱ्याच व्हायल १ मिलीत ४० युनिटच्या असतात, त्यांची सिरिंज लाल टोपीची. पेनची कार्ट्रिज आणि काही व्हायल १ मिलीत १०० युनिटच्या, त्यांची सिरिंज केशरी टोपीची. सिरिंजवरच्या खुणा थेट युनिटच्या असल्यामुळे गणितच लागत नाही, आणि धोका नेमका त्यातच आहे. व्हायल आणि सिरिंजची जोडी जुळली तरच ती खूण खरी.

४० ची व्हायल आणि केशरी टोपीची सिरिंज घेतली, २० च्या खुणेपर्यंत भरलं. ते झालं ०.२ मिली, म्हणजे प्रत्यक्षात ८ युनिट. शुगर उतरत नाही, सगळे बुचकळ्यात. उलटं झालं, १०० ची व्हायल आणि लाल टोपी, तर २० च्या खुणेला ०.५ मिली भरतं, म्हणजे ५० युनिट. अडीचपट. पेशंट घामाघूम होऊन बेशुद्ध पडतो.

मी शिकत असताना एकीने ही दुसरी चूक जवळजवळ केली होती. व्हायल नातेवाइकांनी बाहेरून आणलेली, सिरिंज वॉर्डातली. जोडीला उभ्या असलेल्या सीनिअरने टोपी बघितली म्हणून निभावलं. इन्सुलिन दोघींनी बघूनच द्यायचं हा नियम कटकटीचा वाटतो, पण तो अशाच दिवसासाठी आहे. डिस्चार्जच्या वेळी पेशंटच्या घरच्यांनाही व्हायल आणि सिरिंज दोन्ही हातात घेऊन दाखवा, कारण गावातल्या मेडिकलमध्ये जी सिरिंज शिल्लक असेल ती मिळेल.

पावडर, टक्के आणि 'एकास हजार'

सेफ्ट्रायक्सोन १ ग्रॅमच्या व्हायलमध्ये शिरेतून द्यायला १० मिली पाणी घातलं की साधारण १ मिलीत १०० मिग्रॅ होतं. ५०० मिग्रॅला ५ मिली. पावडर स्वतः थोडी जागा घेते, त्यामुळे तान्ह्या बाळाचा छोटा डोस काढताना व्हायलसोबतचं पत्रक वाचूनच पाणी घाला. हे औषध रिंगर लॅक्टेटमध्ये मिसळायचं नाही, त्यात कॅल्शियम असतं.

टक्के म्हणजे १०० मिलीत किती ग्रॅम. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीत २५ ग्रॅम साखर, ०.९ टक्के सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत ४.५ ग्रॅम मीठ. 'एकास हजार' म्हणजे १,००० मिलीत १ ग्रॅम, म्हणजेच १ मिलीत १ मिग्रॅ. अ‍ॅड्रिनॅलिनचं अँप्युल तसंच असतं. तीव्र अ‍ॅलर्जीत मोठ्या माणसाला मांडीच्या स्नायूत ०.५ मिग्रॅ सांगितलं, तर ०.५ मिली. एकास दहा हजारचं केलं की १ मिलीत ०.१ मिग्रॅच उरतं.

मॅग्नेशियम सल्फेट प्रसूतीच्या वॉर्डात भेटणारच. झटके आलेल्या बाईला सुरुवातीचा शिरेतला डोस ४ ग्रॅम, २० टक्के करून, हळूहळू. अँप्युल ५० टक्के, २ मिली. १०० मिलीत ५० ग्रॅम, म्हणजे २ मिलीत १ ग्रॅम. ४ ग्रॅमला ४ अँप्युल, ८ मिली. २० टक्के म्हणजे ४ ग्रॅम २० मिलीत बसायला हवेत, म्हणून त्यात इंजेक्शनचं पाणी १२ मिली आणखी. पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो का (नी जर्क), श्वास मिनिटाला १६ च्या खाली गेलाय का आणि मागच्या ४ तासांत लघवी निदान १०० मिली झाली का, ते बघायचं. एकही बिघडलेलं असेल तर डोस थांबवून डॉक्टरांना बोलवा. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं १० टक्क्यांचं, १० मिलीचं अँप्युल ट्रेमध्ये असलंच पाहिजे.

पोटॅशियम क्लोराइडचा हिशेब मी इथे देत नाही, एवढंच सांगते: ते कधीही थेट शिरेत ढकलायचं नाही. नेहमी पातळ करून, सावकाश. त्याचं अँप्युल डिस्टिल्ड वॉटरसारखं दिसू शकतं, म्हणून दोन्ही एका खणात ठेवू देऊ नका.

द्यायच्या आधी पेशंटकडे बघा

पल्स, बीपी, श्वास, ताप यांचे नॉर्मल आकडे तुम्ही पाठ केलेत: मोठ्यांची नाडी ६० ते १००, श्वास १२ ते २०. ते औषधाशी जोडून लक्षात ठेवा, म्हणजे परीक्षेतही आठवतात. डिगॉक्सिनच्या आधी छातीवर स्टेथो ठेवून पूर्ण मिनिट ठोके मोजा, ६० च्या खाली असतील तर देऊ नका, कळवा. मॉर्फिनच्या आधी श्वास. बीपीच्या गोळीआधी बीपी. इन्सुलिनच्या आधी शुगर, आणि जेवणाचं ताट खरंच आलंय का तेही. मुलांचा श्वास पूर्ण मिनिट, ते शांत असताना मोजा: दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा त्याहून जास्त असेल तर तो जलद श्वास.

मग माणूस तोच आहे ना? आपल्या भागात एका वॉर्डात चार पाटील सहज असतात, त्यातले दोन एकाच गावचे. "पाटील का?" असं विचारलं तर चौघेही "हो" म्हणतील. पूर्ण नाव त्यांनाच सांगायला लावा, गाव विचारा आणि मनगटावरच्या पट्टीचा नंबर फाइलशी जुळवा. बेड नंबरवर विसंबू नका, रात्रीतून बेड बदलतात. इंग्रजी स्पेलिंगवरही नको. लक्ष्मीचं स्पेलिंग आपण एक्स घालून करतो, कन्नड कारकून के-एस-एच घालून करतो, आणि एकाच बाईच्या दोन फायली तयार होतात.

औषध समजावताना तिच्या भाषेत बोला. कन्नडमध्ये 'ऊट आद मेले' म्हणजे जेवण झाल्यावर. हे पहिल्यांदा ऐकणारी मराठी म्हातारी दचकते, कारण तिला शेवटचा शब्दच ऐकू येतो.

सराव

रोज सहाच गणितं, पण प्रत्येकाआधी अंदाज लिहून. कॅल्क्युलेटर फक्त तपासायला.

१. थायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम हवं, गोळी ०.०२५ मिग्रॅची. किती गोळ्या?
२. १६ किलोचं मूल, पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिग्रॅ, सिरप ५ मिलीत २५०. किती मिली?
३. सलाईन ५०० मिली ५ तासांत, सेट २० चा. मिनिटाला किती थेंब?
४. हिपॅरिन ३,००० युनिट, व्हायल १ मिलीत ५,००० युनिट. किती मिली?
५. २५ टक्के डेक्स्ट्रोज ५० मिली दिलं. साखर किती ग्रॅम?
६. ५० मिलीच्या सिरिंज पंपात डोपामिन २०० मिग्रॅ. पेशंट ६० किलो, मिनिटाला किलोमागे ५ मायक्रोग्रॅम. तासाला किती मिली?

उत्तरं: ३ गोळ्या, ४.८ मिली, ३३ थेंब, ०.६ मिली, १२.५ ग्रॅम, ४.५ मिली. सहाव्यात बहुतेक जण अडकतात. ६० × ५ = ३०० मायक्रोग्रॅम मिनिटाला, तासाला १८,०००, म्हणजे १८ मिग्रॅ. पंपात १ मिलीला ४ मिग्रॅ, म्हणून १८ ÷ ४. तुमचं उत्तर ०.०७५ आलं असेल तर मिनिटाचे तास करायचे राहिलेत. ४,५०० आलं असेल तर मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम.